रकाना अकरावा

प्रश्न होता : आपण अभ्यास कुठे बसून करता?
पर्याय चार. घर, ग्रंथालय, अभ्यासकेंद्र, कार्यालय.
मी कुठेच बसत नव्हतो.
सोहारच्या कॅम्पात, खोली नंबर सत्तावीस,
वरच्या खाटेवर आडवा,
चादरीच्या आत मोबाईल, मोबाईलच्या आत भूगोल,
कारण खाली शाजी रात्रपाळी करून आलेला,
उजेडानं त्याची झोप मोडते
आणि मग आमचं दोघांचं मोडतं.

अकराव्या रकान्यात पाचशे अक्षरं दिली होती.
पूर्वी तार करताना मोजायचे, तशी मोजत गेलो :
रविवारचा तास मला जमत नाही. इथला आठवडा
रविवारीच सुरू होतो. तुमचे अकरा म्हणजे आमचे साडेनऊ,
साडेनऊला मी बंदरात कंटेनरच्या साखळ्या आवळत असतो.
व्हिडिओ उघडेपर्यंत रिचार्ज संपतो.
नुसता आवाज पाठवा. आवाज बसमध्येही ऐकता येतो.
आणि परीक्षा मस्कतला नको, दोनशे किलोमीटर,
जाऊन येऊन एका दिवसाचा पगा

इथे जागा संपली.
र बाहेरच राहिला.

उत्तर लगेच आलं.
इतकं लगेच, की कळलं, माणसाचं नाही.
आपला अभिप्राय आमच्यासाठी अमूल्य आहे.
मोतालेबला अर्थ सांगितला तर तो म्हणाला,
अमूल्य म्हणजे फुकटच ना?

मग तीन महिने काही नाही.
जून लागला. भर दुपारी काम बंद ठेवायचा नियम लागला,
पत्र्याच्या सावलीत आम्ही ओले फडके डोक्यावर घेऊन पडायचो.
अशाच एका दुपारी मोबाईल वाजला :
ध्वनिफीत, अकरा मिनिटं, अगदी हलकी.
ठोसर बाई बोलत होत्या. मागे पंखा,
मध्येच कुकरची शिट्टी,
बाई थांबल्या, "एक मिनिट हं" म्हणाल्या,
आणि ते कुणी कापलं नव्हतं.

धडा खाऱ्या वाऱ्यांचा आणि मतलई वाऱ्यांचा.
हे शब्द मी पाचवीत, केजच्या शाळेत घोकले होते,
समुद्र चार जिल्हे पल्याड असताना.
शेवटी बाई म्हणाल्या :
"आपल्यातला एक जण सोहारच्या बंदरात काम करतो.
मी आजवर किनाऱ्यावर दोनदाच गेलेय, तेही सहलीला.
त्यानं बघून कळवावं,
वारा कुठल्या वेळी तोंड फिरवतो."

मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त मोतालेब घोरत होता.

क्रेनजवळ खांबाला वाऱ्याची नारिंगी पिशवी आहे.
चार वर्षं तिच्याखालून गेलो, कधी मान वर केली नव्हती.
आता पावत्यांच्या पाठीवर टिपू लागलो.
दुपारी शेपूट डोंगराकडे. रात्री कधीतरी पिशवी लोंबते,
मेल्यासारखी, पंधरा-वीस मिनिटं,
आणि मग हळूच समुद्राकडे.
तीन दिवस शमाल सुटला, तेव्हा पुस्तकातलं काहीच खरं नव्हतं.
तेही कळवलं.
बाईंनी पुढच्या फितीत वाचून दाखवलं, शमालसकट.

नव्या सत्राचा फॉर्म परवा आला.
रविवारचा तास रविवारीच आहे.
पण शुक्रवारी रात्री बाई तो पुन्हा घेणार, असं खाली बारीक अक्षरात.
मस्कतपुढे लिहिलंय : विचाराधीन.
गेल्या वर्षीही तेच होतं म्हणे.
आणि अभ्यास कुठे करता, याला पर्याय आता पाच.
पाचवा : खाटेवर.

बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिलो.
कुठल्या कचेरीत, कुठल्या टेबलाशी
कुणीतरी तो टाईप केला असेल,
वरच्यांना विचारून, की न विचारता.

खालून शाजी पुटपुटला, लाइट.
मी चादर डोक्यावरून ओढली, खूण केली,
अकराव्या रकान्यात आलो. या वेळी अक्षरं हजार.
सगळ्यात आधी
तो राहिलेला र लिहिला.